इमारतीला निधी आला, विमानांचे काय?

(बेळगाव येथील सभासद मेळाव्यात कार्यकारिणीच्या वतीने केलेले भाषण)



विमानतळाचा विषय निघाला की आपल्यातले काही जण म्हणतात, तो श्रीमंतांचा प्रश्न आहे, आपण त्यात कशाला पडायचे? आम्हाला हे पटत नाही. सांबऱ्याच्या धावपट्टीच्या आणि इमारतीच्या विस्तारासाठी ३७० एकर जमीन गेली. ती आपल्याच परिसरातील जमीन होती. त्यावर खर्च झालेला पैसा जनतेचा आहे. तेव्हा त्या पैशाचे काय झाले, हे विचारण्याचा हक्क एसटीने जाणाऱ्यालाही आहे.

आधी पैसा येतो कसा ते पाहू. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये 'उडान' योजना जाहीर केली. लहान विमानतळावरून उडणाऱ्या विमानातील ठरावीक आसने कमी दरात द्यायची, सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला साधारण २,५०० रुपये, आणि कंपनीला येणारी तूट अनुदानाने भरून काढायची. या अनुदानात केंद्राचा वाटा ८० टक्के आणि राज्याचा २० टक्के. केंद्राचा वाटा येतो तो मोठ्या मार्गांवरील विमान फेऱ्यांवर बसवलेल्या आकारातून. म्हणजे मुंबई-दिल्ली प्रवास करणाऱ्याच्या खिशातूनच. जुन्या धावपट्ट्या आणि इमारती दुरुस्त करण्यासाठी ४,५०० कोटी रुपयांची वेगळी तरतूद झाली. मात्र तूट भरून देण्याची मुदत एका मार्गाला तीनच वर्षे. सारी मेख इथे आहे.

आपण बेळगावकरांनी या योजनेची दोन्ही रूपे पाहिली. सप्टेंबर २०१७ मध्ये सांबऱ्याला नवी इमारत झाली. आपण सारे आनंदलो. पण जानेवारी २०१८ मध्ये 'उडान'च्या दुसऱ्या फेरीत हुबळीचे नाव आले, बेळगावचे नाही. काही महिन्यांतच इथली विमाने हुबळीला हलली. इमारत नवी कोरी आणि प्रवासी मात्र शंभर किलोमीटरवरच्या हुबळीला किंवा चोर्ला घाट उतरून गोव्याला! हुबळीशी आपले भांडण नाही. हा मराठी-कन्नड असाही वाद नाही. त्या वेळी व्यापारी, उद्योजक, कन्नड भाषिक संघटना, सर्वांनीच आवाज उठवला. जानेवारी २०१९ मध्ये तिसऱ्या फेरीत बेळगावला डझनभर मार्ग मिळाले. २०२० मध्ये तर थेट इंदूरचे विमान सुरू झाले. ज्यांच्या लेकी-सुना तिकडच्या आहेत, त्यांना याचे मोल सांगायला नको.

पुढे तीन वर्षांची मुदत संपत गेली आणि एकेक मार्ग बंद होऊ लागला.

हे केवळ आपल्याच वाट्याला आले असे नाही. नांदेड-हैदराबाद विमान एप्रिल २०१७ मध्ये योजनेच्या पहिल्याच दिवशी सुरू झाले. ती कंपनी २०२२ मध्ये बंद पडली आणि नांदेड दोन वर्षे विमानाविना राहिले. सिंधुदुर्गातील चिपीचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी थाटात झाले. तीन वर्षे भरताच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, तिथली मुंबईची सेवा थांबली.

देशाचा हिशेब महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात मांडला आहे. पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग मंजूर झाले. त्यांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यांतले ५४ टिकले. सातशे चौऱ्याहत्तरातले चोपन्न!

१० मार्च २०२४ रोजी कोल्हापूर आणि ग्वाल्हेरच्या नव्या इमारतींचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी बेळगावच्या आणखी एका नव्या इमारतीची पायाभरणी झाली. २०२५ च्या अर्थसंकल्पात 'उडान' सुधारून दहा वर्षांत १२० नवी ठिकाणे जोडण्याची घोषणा आहे. आम्ही या खर्चाच्या विरोधात नाही. पण इमारत म्हणजे सेवा नव्हे. कोनशिलेवर नाव कोरता येते, रोज वेळेवर सुटणाऱ्या विमानावर कोरता येत नाही, म्हणून पैसा पहिल्याकडे लवकर धावतो.

यासाठी आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, अनुदान तीन वर्षांनी एकदम तोडू नये. प्रवासी वाढतील तसे ते टप्प्याटप्प्याने कमी करावे. दुसरी, विमानाची वेळ लोकांच्या कामाची असावी. सकाळी मुंबईला जाऊन संध्याकाळी परत येता आले, तरच रुग्ण, वकील आणि लहान कारखानदार ते वापरतील. तिसरी, प्रत्येक मार्गावर किती अनुदान दिले, किती फेऱ्या झाल्या आणि किती रद्द झाल्या, याचा तपशील दर तीन महिन्यांनी विमानतळावरच फलकावर लावावा.

या मागण्यांचे निवेदन दोन्ही सरकारांना आणि आपल्या खासदारांना द्यायचे आहे. बाहेर टेबलावर सह्यांचे कागद ठेवले आहेत. आपल्यातले जे कधी विमानात बसले नाहीत, त्यांनी आधी सही करावी. पैसा त्यांचाही आहे.