केसपेपरवर काम लिहा



मी डॉक्टर नाही, समाजशास्त्रात संशोधन करते. आज दवाखान्यात न विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

इटलीतले डॉक्टर बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर तो काम काय करतो हेही विचारा, असा त्यांचा आग्रह होता. तीनशे वर्षं झाली. आपल्या माणसांना हा प्रश्न अजून क्वचितच विचारला जातो.

मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ आणि धार जिल्ह्यांतले आदिवासी मजूर गुजरातमध्ये गारगोटीची भुकटी करणाऱ्या कारखान्यांत कामाला गेले. तिथली धूळ म्हणजे सिलिका. तिचे बारीक कण फुप्फुसाच्या अगदी टोकापर्यंत जातात. शरीरातल्या पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि स्वतःच मरतात. तिथे व्रण धरतात, फुप्फुस कडक होत जातं. हा सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही, आणि काम सोडलं तरी तो वाढू शकतो.

खोकला, धाप, वजन उतरणं ही लक्षणं टीबीचीही असतात. एक्स-रेवरचे डागही फसवतात. मग टीबीच्या गोळ्या सुरू होतात. सिलिकोसिस झालेल्याला टीबीही लवकर होतो, म्हणून टीबीची तपासणी हवीच. पण धुळीतल्या कामाची माहिती घेतल्याशिवाय सिलिकोसिसचं निदान होत नाही.

हा फक्त नावाचा फरक नाही. टीबी म्हटलं की कारण जंतू, आणि बोट रोग्याच्या बिडीकडे, दारूकडे, झोपडीकडे. सिलिकोसिस म्हटलं की कारण धूळ, आणि बोट मालकाकडे, कारखाना निरीक्षकाकडे. कायद्याने हा खबर देण्याचा आजार मानला आहे. राजस्थानच्या २०१९च्या धोरणात प्रमाणपत्र मिळालेल्या रोग्याला ३ लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख रुपयांची तरतूद आहे. निदान चुकलं की हा हक्कच उरत नाही.

धुळीचं काम कोणाच्या वाट्याला येतं? ज्यांच्याकडे जमीन नाही किंवा पुरत नाही, ज्यांना दुसरं काम मिळू दिलं जात नाही, त्यांच्या. म्हणून कामाबद्दल न विचारणं म्हणजे जातीबद्दलही न विचारणं.

अलीराजपूर-झाबुआच्या मजुरांकडे हजेरी कार्डं नव्हती. तेव्हा स्थानिक संघटनांनी गावोगाव फिरून आजारी आणि मेलेल्या माणसांच्या नोंदी केल्या. २०१०मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस केली. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. आजाराचं कारण शोधणारं ते संशोधनच होतं, आणि ते रोग्यांच्या गावातून उभं राहिलं.

मित्र-मैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरात दवाखान्याची फाईल वाचता येणारे पहिले आपणच. घरातलं कोणी खाणीत, खडी क्रशरवर किंवा दगड घडवण्याच्या कामावर असेल, तर त्यांच्यासोबत दवाखान्यात जा. कुठे, काय, किती वर्षं काम केलं ते केसपेपरवर लिहून घ्या. जुने एक्स-रे टाकू नका. सोबत काम केलेल्यांची नावं वहीत टिपून ठेवा. डॉक्टरांनी नाही विचारलं, तर आपण सांगायचं.

जय भीम.