सौर पर्जन्यमापकाची बॅटरी

सातारा जिल्ह्याचा पाऊस म्हटला, कीं महाबळेश्वर आठवतें. त्याच जिल्ह्यांतील रहिमतपूरच्या शिवारांत मात्र पाऊस बेताचा; म्हणून तेथें सरीसरीची नोंद मोलाची. ही नोंद आतां बांधावरचें सौर पॅनेलचें छोटें यंत्रहि ठेवूं शकतें. महाराष्ट्रांत फळपिकांच्या हवामानाधारित विम्याची भरपाई तर स्वयंचलित केंद्रांच्या आंकड्यांवरूनच ठरते. पण आषाढांत आठवडाभर आभाळ दाटलें, कीं नेमकें तेव्हांच यंत्र मुकें व्हावयाचें! दोष बहुधा बॅटरी निवडणाराचा. तो उन्हाचा हिशेब करतो. करावयाचा असतो अंधाराचा.

समजा, यंत्राला सरासरी १० मिलीअँपिअर प्रवाह लागतो. दिवसाचे २४० मिलीअँपिअर-तास, सात दिवसांचे १,६८०. बॅटरी तळापर्यंत उपसूं नये, चार-पंचमांशच वापरावी. म्हणजे २,१०० हवे. वयोमानानें धारणाशक्ति घटते, म्हणून ३,००० ची घ्यावी.

शिशाची बॅटरी स्वस्त. पण अर्धवट भरलेली राहिली, कीं पट्ट्यांवर सल्फेट साचून ती निकामी होते. लिथियम-लोह-फॉस्फेटची महाग, तरी दोन हजारांवर वेळां भरतां-उपसतां येते. तिची भरण-मर्यादा ३.६५ व्होल्ट, इतर लिथियम बॅटऱ्यांचा ४.२ व्होल्टचा नियंत्रक तिला जोडूं नये. वैशाखांत बंद पेटींत तीहि लवकर म्हातारी होते. पेटी पांढरी रंगवून पॅनेलच्या सावलींत टांगावी.

वेष्टनावरील आंकड्यांवर माझी फारशी भिस्त नाहीं. बॅटरी पूर्ण भरून पॅनेल कापडानें झाकावें, आणि यंत्र सात दिवस चालतें का, तें मृगापूर्वींच पाहून घ्यावें.