वळचणीची पाखरे
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



ट्रस्टच्या कार्याविषयी आपण थोरांचे विचार ऐकलेच आहेत. आम्ही एका लाकडी पेटीविषयी बोलणार आहोत, आणि तिच्यासाठी आपल्याजवळ थोडी जागा मागणार आहोत.

खासबाग, वडगाव, शहापूर ही विणकरांची वस्ती. मागाचा खडखडाट आणि चिमण्यांचा चिवचिवाट आपल्या घरांतून एकत्रच नांदला. कौलारू घराला आढे असे, वासे असत, भिंत आणि कौले यांच्यामध्ये फट राही. त्या वळचणीत चिमणी रात्र काढी. आता स्लॅबची घरे झाली. पाऊस आत येत नाही, ही मोठीच सोय. पण चिमणीलाही येता येत नाही. यात दोष कोणाचाच नाही. गळके घर हौसेने कोण ठेवील? २०२० साली निघालेल्या भारतीय पक्ष्यांच्या अहवालात चिमणी देशभर एकंदरीत टिकून असल्याचे म्हटले आहे. मात्र मोठ्या शहरांतून ती घटली आहे.

घरट्याची चिंता पुष्कळजण करतात. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी लाकडी घरट्यांचा प्रसार केला, आणि त्यांच्याच पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा चिमणी दिन पाळला जातो. आमचे म्हणणे रात्रीच्या निवाऱ्याचे आहे. चिमणीचे वजन अवघे पंचवीस-तीस ग्रॅम, अंगातली ऊब मात्र माणसापेक्षा अधिक. आपल्याकडच्या आषाढातल्या झडीत पिसे भिजली की ही ऊब भराभर निघून जाते. दाट झुडपात ती रात्र काढते खरी. पण झुडपे तरी आता कोठे उरली?

निवाऱ्याची पेटी घरट्याच्या पेटीहून वेगळी. घरट्याचे भोक वर असते, हिचे खाली, तळापासून दोन इंचांवर. गरम हवा वर चढते. भोक वर ठेवले तर ती निघून जाईल. म्हणून हिच्या माथ्याजवळ फट ठेवू नये. आत दोन बारीक काठ्या, एक खाली व एक वर, एकीखाली एक येणार नाहीत अशा बसवाव्यात. वरच्याची विष्ठा खालच्यावर पडू नये. फळी पाऊण इंच जाडीची, साध्या लाकडाची. प्लायवूड आपल्या पावसात फुगते. पेटी आतून सहा इंच चौरस, उंची बारा इंच. भोक सव्वा इंचाचे. छप्पर पुढे उतरते आणि दोन इंच बाहेर, तळाला पाणी निथळण्यास बारीक छिद्रे. आतून रंधा मारू नये. खरबरीत फळीवर नख्या रुततात. रंग, वॉर्निश आत नकोच. बाहेर दांडी लावण्याची हौस पुष्कळांना असते. तिचा उपयोग कावळ्याला होतो.

पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, म्हणून तोंड उत्तरेस किंवा पूर्वेस. उंची आठ-दहा फूट, आणि जवळपास मांजराला चढण्याजोगे काही नसावे. पेटी रिकामी असल्याची खात्री करून मृगापूर्वी एकदा साफ करावी. चिमणीने आत काड्या आणल्याच, तर पिले उडेपर्यंत हात लावू नये.

पेटी टांगली म्हणजे पाखरे लगेच येतील असे नाही; कधी वर्षही जाईल. तोवर सुपात जोंधळा पाखडल्यावर राहिलेली कणी अंगणात टाकावी. परसातली थोडी माती उघडी ठेवावी. चिमण्या धुळीत न्हातात. झाडांवर विषारी औषध मारू नये, कारण पिलांना दाणा नव्हे, अळ्या-किडे लागतात.

दिवेलागणीला, मगरीबच्या सुमारास, किती पाखरे आत गेली हे मुलांनी वहीत टिपावे. सलीम अली लहानपणी मुंबईत पिवळ्या गळ्याची एक चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. मिलर्डसाहेबांनी तिची ओळख पटवून दिली आणि पोराला पक्ष्यांचा नाद लागला तो जन्माचा.

आता मागणे. ट्रस्टच्या इमारतीच्या उत्तरेकडील भिंतीवर, सज्जाखाली, सहा पेट्यांपुरती जागा द्यावी. फळ्या आम्ही मिळवू. कापणे, ठोकणे मुले करतील. वरच्या वर्गातल्या मुलींनी गिरमिट चालवण्याचे आधीच मागून घेतले आहे. शिडी मात्र ट्रस्टची लागेल, आणि ती धरायला दोन मोठी माणसे.