लेकरांची माहिती आणि आपली सही
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)



आपल्या गटात कर्ज कोणाला द्यायचं, हे कसं ठरतं? सगळ्याजणी गोल बसतो. गरज किती, परतफेड कशी, हे सगळ्यांसमोर बोललं जातं, इतिवृत्तात लिहिलं जातं. एखादीला नाही म्हटलं तर ती विचारू शकते, "मला का नाही?" आणि तिला उत्तर द्यावं लागतं.

आता लेकरांच्या अभ्यासाचं ॲप बघा. पोरगी त्यावर गणितं सोडवते, तेव्हा मागं नोंद होत असते. किती वेळ लागला, कुठं चुकलं, कधी बंद केलं. त्या नोंदींवरून आत एक हिशेब चालतो, त्याला अल्गोरिदम म्हणतात. पोरीला पुढं सोपं द्यायचं की अवघड, हे तो ठरवतो. कधीकधी "ही कच्ची" असा शिक्काही तोच मारतो. का, ते आपल्याला कळत नाही, आणि बऱ्याचदा गुरुजींनाही नाही.

हिशेब चुकला तर? २०२० साली करोनामुळं इंग्लंडमध्ये आपल्या बारावीच्या तोडीची परीक्षा झाली नाही. शिक्षकांनी श्रेणी सुचवल्या, पण शेवटची श्रेणी संगणकाच्या सूत्रानं लावली. त्यात शाळेचे मागच्या वर्षांचे निकालही धरले. सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांनी सुचवल्यापेक्षा खाली आल्या. शाळेचा निकाल कमी, म्हणून हुशार पोरांनाही फटका. मुलं रस्त्यावर आली, तेव्हा चार दिवसांत सरकारनं निर्णय फिरवला.

दुसरी गोष्ट माहितीची. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं २०२२ मध्ये ४९ देशांतली १६४ शैक्षणिक ॲप आणि संकेतस्थळं तपासलेली मांडली. त्यातल्या १४६ ठिकाणी मुलांच्या हक्कांना बाधा येईल असा माहितीचा वापर दिसला. बहुतेकांकडून ती माहिती जाहिरातवाल्या कंपन्यांपर्यंत जात होती.

आपल्याकडं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा आहे. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. पण तो टप्प्याटप्प्यानं लागू होतोय, आणि शाळांना काही बाबतींत सूट आहे. म्हणून विचारायचं काम आपलंच.

शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. आपल्यातल्या कितीतरी जणी तिथं आहेत. तिथं हे विचारा:

१. या ॲपमध्ये लेकराची कोणती माहिती भरली?
२. ती कोणाकडं जाते, किती दिवस राहते? पुसायची तर कुठं सांगायचं?
३. ॲपनं "कच्चं" म्हटलं, तर गुरुजी स्वतः वही तपासतात का?
४. संमती दिली नाही, तर लेकराचं शिक्षण अडेल का?

उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. घरी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अभ्यासाच्या ॲपचं लोकेशन, कॉन्टॅक्ट, माइक बंद करा. गरज लागली तर पुन्हा चालू करता येतं.

आपण अंगठा सोडून सही शिकलो, ती वाचून करण्यासाठीच. शाळेतून संमतीचा कागद आला की घाई करू नका. गटात आणा, मोठ्यानं वाचा, मगच सही करा.