रहाट, मोट आणि सौरपंप



आम्ही कोकणात दिवेआगरला जाऊन आलो. कापूस-ज्वारीवाल्यांचं समुद्रकाठी काय काम, असं तुम्ही विचाराल. आम्ही गेलो होतो वाड्यांचं पाणी बघायला. पहिलं दिसलं ते कारंजं! उतरलो होतो त्या घराच्या अंगणात, परातीएवढी सौर पाटी लावलेलं. पाणी हातभर उडायचं, ढग आला की खाली बसायचं, ऊन पडलं की पुन्हा उभं. तेच बादलीभर पाणी दिवसभर फिरत होतं. बघायला छान, पण त्यावर एक सुपारी भिजत नाही.

त्याच घरामागे सुपारीची वाडी आणि जुनी विहीर. पूर्वी या वाड्या रहाटावर भिजायच्या. लाकडी चाक, त्यावर गाडग्यांची माळ, बैल किंवा रेडा गोल फिरायचा, एकेक गाडगं वर येऊन पन्हळीत रितं व्हायचं. तिथं वाळूत पाणी वरच लागतं, म्हणून रहाट चालला. आपल्या खोल विहिरींना एवढी लांब माळ जड होते. आपल्याकडे मोट आली, धाव आली, थारोळं आलं.

रहाट हळू चालायचा, आणि त्यातच तिथल्या विहिरीचं हित होतं. समुद्राकाठी गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्यावर तरंगतं. ते समुद्राच्या पातळीपेक्षा 1 फूट वर असेल, तर खाली सुमारे 40 फूट गोडं पुरतं. वरचं 1 फूट कायमचं उतरलं, तर खालून खारं तेवढंच 40 फूट चढू पाहतं. मोटर दाबून चालवली, की विहीर मचूळ. मोटरीला दुसराही धोका. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात सुपाऱ्यांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले. खांब नाही तर पंप नाही.

पाणी वर चढवायला कुणाची तरी ताकद लागतेच. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत ती डोंगराने दिली, मोटेला बैलाच्या खांद्याने. आता सूर्य देतो म्हणतात. चांगलंच आहे! रात्रीच्या लायटीला विहिरीवर जाऊन साप-विंचवाच्या तोंडी कोण देईल स्वतःला? आम्ही सौरपंपाच्या विरोधात नाही.

पण 2024 च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पंप ठरतो सातबाऱ्यावर. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाचपर्यंत 5, त्याच्या वर साडेसात. विहिरीत पाणी किती, हे सातबारा कुठून सांगणार? आणि आपला स्वभाव असा, की साडेसातचा हक्क असताना तीन कोण घेतो!

हिशेब बघा. 1 एकरावर 1 इंच पाणी म्हणजे सुमारे 1 लाख लिटर. 20 फूट व्यासाच्या विहिरीत 1 फूट पाणी म्हणजे सुमारे 9 हजार लिटर. तुमच्या विहिरीला तासाला अर्धा फूट झरा असेल, तर दिवसरात्रीत 12 फूट, म्हणजे लाखाच्या थोडं वर. आता 3 एचपीचा पंप. 50 फुटांवरून, निम्मी ताकद वाया गेली असं धरलं तरी, भर उन्हात तासाला 27 हजार लिटर काढतो. चार तासांत त्या विहिरीची दिवसभराची कमाई संपली. साडेसातचा तेच दीड तासात संपवेल. मग उरलेल्या उन्हाचं काय करायचं, कारंजं?

पाण्यासाठी पैसा मोजावा लागत नाही, तेव्हा हात आखडत नाही. डिझेलवाला तरी पंप बंद करत होता.

आणखी एक. ऑगस्टमध्ये पाऊस दडी मारतो तेव्हा कधीकधी आभाळ मात्र भरलेलंच असतं. कापूस पात्यावर, ज्वारी पोटरीत, आणि पंप त्या कारंज्यासारखा बसलेला. म्हणून मोठ्या पंपापेक्षा एक टाकी किंवा शेततळं कामाचं. उन्हाच्या दिवशी भरून ठेवता येतं.

योजनेत पात्रतेपेक्षा कमी एचपी मागता येतो, हे बैठकीत सगळ्यांना सांगा. आणि अर्ज भरण्याआधी विहीर उपसा, दोरीला फुटाच्या गाठी मारा, रात्रभरात पाणी किती गाठी चढतं ते मोजा. पुढच्या बैठकीला तो आकडा घेऊन या.