पीएच.डी.नंतर ग्रंथालयाची उमेदवारी



आजचा विषय डॉक्टरांना ग्रंथपाल करण्याचा आहे. येथे डॉक्टर म्हणजे नाडी पाहणारे नव्हेत. चार-पाच वर्षे खपून, प्रबंध लिहून पीएच.डी. मिळविलेले तरुण आम्हांला अभिप्रेत आहेत. इतिहास, समाजशास्त्र, भाषा या विषयांत अशी माणसे दरसाल तयार होतात, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या वाट्याला तासिका तत्त्वावरची नोकरी येते. जितके तास शिकवाल तितके पैसे. सुट्टी लागली की तेही बंद. इकडे आपल्या कोकणात मोडी कागद, पोथ्या, जुनी वृत्तपत्रे घराघरांच्या माळ्यांवर पडून आहेत, आणि वाळवी व पाऊस यांना सुट्टी नसते. ही दोन दुखणी एकमेकांवर उतारा ठरू शकतील, असे आमचे मत आहे.

एखाद्या प्रदेशाची भाषा, लिपी, इतिहास आणि समाज जाणून त्या प्रदेशाविषयीचा संग्रह वाढविणारा व सांभाळणारा ग्रंथपाल, हा ग्रंथपालांतला एक वेगळाच प्रकार आहे. अमेरिकेत त्याची गरज आपल्याच पुस्तकांमुळे भासली. हिंदुस्थानने घेतलेल्या अमेरिकन गव्हाचे पैसे रुपयांत साठले होते. त्या रुपयांतून १९६२ पासून तेथील काँग्रेस ग्रंथालयाच्या दिल्ली कचेरीने आपल्याकडची पुस्तके खरेदी करून अमेरिकन विद्यापीठांकडे धाडली. त्यांत मराठी पुस्तकेही होती. पुस्तके पोचली, पण ती लावायची कोणी? शिकागो विद्यापीठात हे काम मॉरीन पॅटरसन या बाईंनी केले. त्या मुळात महाराष्ट्राच्या समाजाच्या अभ्यासक. चित्पावनांच्या कुलवृत्तान्तांवर त्यांनी १९६८ साली निबंध प्रसिद्ध केला. आपल्या घरी कुलवृत्तान्त असतो तो वंशावळ पाहण्यापुरता. कोण कोणत्या गावचा, कोण देशावर गेला, कोण वकील झाला, ही त्यातली माहिती समाजाच्या इतिहासाचे साधन आहे हे त्या जाणत होत्या. विषय न जाणणाऱ्या माणसाने हेच पुस्तक ‘खाजगी, किरकोळ’ म्हणून कोपऱ्यात टाकले असते, आणि त्याला दोषही देता आला नसता.

पण शिकागोपर्यंत जायलाच हवे असे नाही. आपल्या देवरुखात १८९१ साली जन्मलेले परशुराम कृष्ण गोडे १९१९ पासून १९६१ पर्यंत पुण्याच्या भांडारकर संस्थेत हस्तलिखितांचे अभिरक्षक होते. डेक्कन कॉलेजातला सरकारी पोथीसंग्रह नुकताच, १९१८ साली, संस्थेकडे आला होता. गोड्यांनी तो संग्रह राखला आणि वाचलाही. जिलबी कधीची, शोभेची दारू आपल्याकडे केव्हा आली, अशा प्रश्नांवर पोथ्यांतले पुरावे काढून त्यांनी शेकडो लेख लिहिले. गोव्याच्या दप्तरखान्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी तीन दशके असेच केले. पोर्तुगीज कागद वाचून मराठ्यांचा इतिहास उजेडात आणला. हे दोघे आपल्या अंगच्या गुणांनी घडले. अशी माणसे नशिबाने मिळतात, आणि नशिबावर संस्था चालवता येत नाहीत.

तर मग पीएच.डी.धारकाला थेट खुर्चीवर बसवावे काय? मुळीच नाही. विद्वानाला स्वतःचा विषय तेवढा दिसतो. वाचकाला काय हवे, एकाच लेखकाची नावे चार तऱ्हांनी लिहिलेली असली तर ती एका नावाखाली कशी आणावी, कागदाला बुरशी लागली तर काय करावे, वर्षाच्या पैशात काय घ्यावे नि काय सोडावे, हे प्रबंध लिहून समजत नाही. रंगनाथन् गणिताचे अध्यापक होते. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा ते लंडनला जाऊन ही विद्या शिकून आले, आणि मगच पुढचे रंगनाथन् झाले.

अमेरिकेत २००४ पासून एका परिषदेने ताज्या पीएच.डी.धारकांना ग्रंथालयांत उमेदवारीसाठी पाठविण्याची शिष्यवृत्ती सुरू केली. आधी थोडे दिवस एकत्र शिक्षण, मग एखाद्या ग्रंथालयात प्रत्यक्ष काम. तेथील ग्रंथपालांतून तक्रार निघाली, की आम्ही ग्रंथालयशास्त्र शिकून आलो आणि हे मागच्या दाराने शिरतात. तक्रार अगदीच खोटी नव्हे. आमचे उत्तर एवढेच, की नेहमीच्या ग्रंथपालाची जागा या माणसाला देऊ नये. त्याच्या हाताखाली याला शिकू द्यावे.

आपल्याकडे अडचण उलटी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे महाविद्यालयीन ग्रंथपालाला ग्रंथालयशास्त्राचीच पदव्युत्तर पदवी लागते. इतिहासाच्या पीएच.डी.ला, तो मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही वाचत असला तरी, हे दार बंद. नियम मोडावा असे आम्ही म्हणत नाही. पण संग्रहासाठी वेगळी जागा आणि तिच्यासाठी दोन वर्षांची, वेतन देणारी उमेदवारी निर्माण करायला कोणता नियम आड येतो?

आपल्या रत्नागिरीचेच घ्या. १८२८ साली स्थापन झालेले नगर वाचनालय येथे आहे, मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र येथे आहे. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ साली कैदी म्हणून येथे आणला गेला आणि १९१६ साली येथेच वारला. त्याचा राजवाडा पाहायला लोक येतात. त्याच्याविषयी वाचायला कोठे जावे हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. इंग्रजीत त्याचे नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेले, मराठीत ‘थिबा’, ब्रह्मी लिपीत आणखी निराळे. एक नाव शोधणाऱ्याला दुसऱ्या नावाखालचे सापडत नाही.

पहिल्या उमेदवाराला पहिल्या वर्षी हेच काम द्यावे. सकाळी वाचनालयाच्या ग्रंथपालांच्या हाताखाली नोंदणी, वर्गीकरण आणि वाचकांची देवघेव. दुपारी थिबाविषयी रत्नागिरीत, मुंबईच्या सरकारी दप्तरात आणि छापील पुस्तकांत जे आहे त्याची एक सूची, सगळी नावे एकत्र जोडून. दुसऱ्या वर्षी जिल्ह्यातल्या घरांतले मोडी कागद. मूळ कागद मालकाच्या घरीच राहू द्यावेत, छायाचित्रे व नोंदी वाचनालयात याव्यात. नाहीतर कोणी पेटी उघडणार नाही. कागद म्हटले की जमिनीचे तंटे आठवतात, हे आपण कोकणातली माणसे जाणतोच. त्याचे वेतन कोणी द्यायचे, हा प्रश्न आहे. निम्मे विद्यापीठाने आणि निम्मे गावाने द्यावे, असे आम्ही सुचवितो. आणि गावाच्या निम्म्याची वर्गणी सभा संपल्यावर दाराशीच सुरू करायला आमची हरकत नाही.