उपाध्यायांनी वैद्याचे दार दाखवावे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



कार्यवाहांनी मला ‘आपले पौरोहित्य’ हा विषय दिला आहे. संस्कारांविषयी पुष्कळ बोलता येईल. परंतु तीस वर्षे याज्ञिकी करताना मला सर्वांत निकडीचे वाटलेले एक कर्तव्य असे आहे की, जे प्रयोगाच्या कोणत्याही पोथीत सापडत नाही. ज्याचे मन आजारी झाले आहे अशा यजमानाला वेळीच योग्य वैद्याकडे पोहोचविणे, हे ते कर्तव्य होय.

दुखणे शरीराचे असले तर मंडळी डॉक्टरांकडे जातात. मनाचे असले तर पत्रिका घेऊन आमच्याकडे येतात. मुलगा रात्र रात्र झोपत नाही, सून कोणाशी बोलत नाही; ‘गुरुजी, काही दोष आहे का? एखादी शांत करावी का?’ यात यजमानांना मी दोष देत नाही. उपाध्यायांकडे जाण्याची लाज नसते आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात कोणी पाहिले तर मुलीचे लग्न अडेल, अशी धास्ती असते. म्हणून अशा घरचे दुःख पुष्कळदा प्रथम आमच्याच कानी पडते, आणि म्हणूनच आमची जबाबदारी मोठी आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘मंत्रचळ’ या विकाराचे आहे. त्या शब्दातच आमच्या व्यवसायाचा उल्लेख आहे! असा मनुष्य हात धुतो, पुन्हा धुतो. सोवळे मोडले या शंकेने चार वेळा स्नान करतो. जपाची संख्या चुकली असे वाटून माळ पहिल्यापासून ओढतो. कित्येकांच्या मनात ऐन पूजेच्या वेळी देवाविषयी अभद्र विचार येतात आणि ते बिचारे स्वतःला महापापी समजतात. ते आमच्याकडे येऊन विचारतात, ‘दोष लागला का? प्रायश्चित्त काय?’ आम्ही दयेपोटी एखादे प्रायश्चित्त सांगतो. त्याने घटकाभर बरे वाटते. पण शंका पुन्हा डोके वर काढते आणि मनुष्य पुन्हा येतो. असा वारंवार दिलेला दिलासा या विकाराला खतपाणीच घालतो, असे मानसशास्त्र सांगते. यावर औषधे आहेत. तसेच ती कृती न करता मनाची अस्वस्थता सोसण्याचा हळूहळू अभ्यास करवून घेणारी उपचारपद्धतीही आहे. तेव्हा पाचव्या वेळी तोच प्रश्न घेऊन आलेल्या यजमानाला पाचवे प्रायश्चित्त सांगू नये. ‘हे पाप नव्हे, हा आजार आहे, आणि यावर उपचार आहे,’ असे सांगावे. हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा उपाध्यायांच्या तोंडून ऐकले, तर त्याचे वजन अधिक पडते.

यात आपल्या परंपरेशी द्रोह आहे काय? मुळीच नाही. चरकसंहितेत औषधाचे तीन प्रकार सांगितले आहेत : दैवव्यपाश्रय, म्हणजे मंत्र, होम, बली इत्यादी, युक्तिव्यपाश्रय, म्हणजे आहार व औषधे, आणि सत्त्वावजय, म्हणजे अहितकर विषयांपासून मनाला आवरणे. तिघांतला पहिला तेवढा आमच्याकडे आहे. उरलेल्या दोहोंसाठी दुसऱ्याचे दार दाखविणे हा आमचा पराभव नव्हे, तो शास्त्राचाच मार्ग आहे.

इतर धर्मीयांतही या दिशेने काम झाले आहे. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. तेथे 2008 साली ‘दवा आणि दुआ’ या नावाने उपक्रम सुरू झाला. दर्ग्याच्या मुजावरांना मनोविकारांची लक्षणे शिकविण्यात आली आणि दुआ मागायला आलेल्या रुग्णाला ते तेथल्याच मानसोपचार केंद्रात पाठवू लागले. कोणाचीही श्रद्धा हिरावून घेतली नाही. तिच्या जोडीला औषध आले. उलट तामिळनाडूतील एरवाडीची आठवण अंगावर काटा आणते. दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयस्थानाला 6 ऑगस्ट 2001 रोजी पहाटे आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण पळू न शकल्याने 28 जण मृत्युमुखी पडले. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

आता व्यवहाराचे बोलू. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक व कामातील रस गेला असेल, कानात कोणी बोलत असल्याचे ऐकू येत असेल, किंवा घरचेच विष घालतात असा संशय बळावला असेल, तर मुहूर्त शोधीत बसू नये. औषधे देणारा तो मानसोपचारतज्ज्ञ आणि बोलण्यातून वाट दाखविणारा तो समुपदेशक, हा भेद यजमानाला समजावून द्यावा. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी केली, तर मात्र गुप्ततेचे वचन देऊ नये. त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना सांगावे आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पाठविले म्हणजे आमचे काम संपले, असेही नाही. नैराश्यावरील औषधाचा गुण यायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात आणि तेवढ्यात घरची मंडळी धीर सोडतात. त्यांना धीर देणे आमच्या हाती आहे. लिथियम घेणाऱ्या रुग्णाने निर्जळी उपास केला, तर शरीरातील पाणी कमी होऊन औषधाचे प्रमाण रक्तात धोकादायक रीतीने वाढू शकते. अशा वेळी ‘औषधाने व पाण्याने व्रत मोडत नाही’ असा निर्वाळा कोणी द्यायचा? डॉक्टरांचे ते ऐकणार नाहीत, आमचे ऐकतील.

शेवटी ज्ञातीसाठी दोन शब्द. उपाध्यायांच्या कानी पडलेली गोष्ट विवाहमंडळाच्या बैठकीत पोहोचत असेल, तर उद्या कोणीही आमच्याकडे मन मोकळे करणार नाही. ही जीभ आम्ही आवरली पाहिजे, आणि असा आजार ऐकताच घराण्याला नावे ठेवण्याची सवय आपण सर्वांनी सोडली पाहिजे. मंडळाला माझी विनंती आहे की, दरवर्षी एक दिवस पुरोहितवर्गासाठी मानसोपचारतज्ज्ञांचे मार्गदर्शन ठेवावे. तसेच ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील शासकीय मनोरुग्णालयांचे पत्ते आपल्या स्मरणिकेत छापावेत. 2022 साली केंद्र शासनाने सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांकही त्यासोबत द्यावा.

यजमानाचे कल्याण व्हावे म्हणून आम्ही प्रत्येक कार्यात आशीर्वाद देतो. त्या आशीर्वादाबरोबर वैद्याचा पत्ताही हाती देण्याचे धैर्य आम्हांस लाभो, एवढीच प्रार्थना.